केनिया सफारीनंतरचं काम: गटाचे फोटो, नोंदी आणि आठवणी एकत्र कशा आणाव्यात

बारा जणांचा गट, दोन लँड क्रूझर, नैरोबीहून निघून अंबोसेली, नाकुरू आणि शेवटी मसाई मारा. परतल्यावर व्हॉट्सॲपच्या गटात पहिल्या दोन दिवसांत तीन-चारशे फोटो येऊन पडतात. आठवड्याभरात त्याच गटात सुप्रभातचे संदेश सुरू होतात. महिन्याभराने कोणीतरी विचारतं, "ती बिबट्याची मादी आपल्याला कुठे दिसली होती हो?" आणि तिघांकडून तीन वेगवेगळी उत्तरं येतात.

फोटो सहसा हरवत नाहीत. आधी पुसली जाते ती फोटोभोवतीची माहिती: दिवस कोणता, गाडी कोणती, गाइड काय म्हणाला, समोर होतं ते टोपी नावाचं हरीण की त्याच्यासारखंच दिसणारं हार्टबीस्ट. म्हणून या कामात फोटो गोळा करण्यापेक्षा माहिती पकडून ठेवण्याला जास्त महत्त्व आहे, आणि त्याची सुरुवात विमानात बसण्यापूर्वी होते.

निघण्यापूर्वी: घड्याळं आणि दोन जबाबदार माणसं

केनिया आणि टांझानिया भारताच्या अडीच तास मागे आहेत. विमानातून उतरून नेटवर्क मिळालं की मोबाइल आपोआप स्थानिक वेळ धरतो. कॅमेरा सहसा तसं करत नाही, तो भारतीय वेळेवरच राहतो. त्यामुळे सकाळी साडेसहाला मारा नदीकाठी टिपलेला एकच सिंह काकांच्या मोबाइलवर ६:३० चा आणि पुतण्याच्या कॅमेऱ्यात ९:०० चा ठरतो. सगळे फोटो वेळेनुसार लावले की मधे न्याहारीचे फोटो घुसतात आणि सिंह दोनदा दिसल्यासारखा वाटतो. रात्री साडेनऊनंतर कॅम्पमध्ये शेकोटीपाशी काढलेले फोटो तर थेट दुसऱ्या दिवसाच्या तारखेला जाऊन बसतात.

यावर सोपा उपाय आहे. नैरोबीत गाडीत बसल्यावर सगळ्यांनी कॅमेऱ्याची वेळ मोबाइलशी जुळवायची. त्यानंतर प्रत्येक कॅमेऱ्याने एकाच मोबाइलच्या घड्याळाचा एक फोटो काढायचा आणि त्यात सेकंद दिसतील असं बघायचं. कोणी वेळ बदलायला विसरलं, किंवा सकाळ-संध्याकाळची गल्लत करून बारा तासांची चूक केली, तरी या एका फोटोवरून नेमका फरक काढता येतो. दक्षिण आफ्रिका किंवा बोत्सवानाला जाणाऱ्यांसाठी हा फरक साडेतीन तासांचा आहे.

जबाबदारी दोघांवर ठेवा, सगळ्यांवर नको. एकजण फोटो गोळा करेल आणि दुसरा रोजची नोंद ठेवेल. फोटोंसाठी संगणकाची सवय असलेला माणूस हवा. नोंदींसाठी मात्र गाडीत सर्वांत जास्त प्रश्न विचारणारी व्यक्ती निवडावी. बहुतेक गटांत अशी एक मावशी असतेच.

सफारीत रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं

रोजची नोंद लांबलचक नको. तारीख, जागा, गाडीचा क्रमांक, गाडीत कोण कोण होतं, गाइडचं नाव आणि त्या दिवशी दिसलेल्या पाच-सहा ठळक गोष्टी, त्याही अंदाजे वेळेसह, एवढं पुरे. दोन गाड्या असतील तर दोन नोंदी ठेवा, कारण दोन्ही गाड्यांना कधीच सारखं दिसत नाही. एका गाडीला बिबट्या दिसतो आणि दुसरी तेव्हा पाणघोड्यांपाशी थांबलेली असते. ही नोंद नसेल तर पुढे "आम्ही कुठे पाहिला तो!" असा वाद ठरलेलाच.

गाइड ज्या गोष्टी सहज बोलून जातो त्या त्याच वेळी लिहून घ्या. माऱ्यातल्या अनुभवी गाइडना सिंहांचे कळप, त्यांचे इलाके आणि कित्येकदा एकेका नराचं टोपणनाव माहीत असतं. मूसिआरा, तालेक, सेकेनानी ही ठिकाणांची नावं एकदा ऐकून लक्षात राहत नाहीत, म्हणून ती त्याच्याकडूनच वहीत लिहून घ्यावीत.

आवाज टिपण्याकडे जवळजवळ कोणाचंच लक्ष जात नाही. रात्री कॅम्पमध्ये ऐकू येणारी तरसाची चढती हाक, पाणघोड्यांचं हुंकारणं, पहाटेचे पक्षी हे सगळं मोबाइलवर छान उतरतं. मोबाइल विमान मोडवर टाकायचा, तंबूच्या आत पण जाळीजवळ ठेवायचा, वारा थेट लागू द्यायचा नाही, आणि एक मिनिट कोणी बोलायचं नाही. या कामासाठी रात्री तंबूबाहेर पडू नका, आवाज आतूनही येतो. गाइडच्या परवानगीने त्याचं अर्ध्या मिनिटाचं बोलणंही घ्या. पुढे स्लाइड शो करताना सर्वांत जास्त दाद याच तुकड्यांना मिळते.

कॅम्पमधून फोटो अपलोड करण्याच्या फंदात पडू नये. वायफाय मंद असतं, अनेक ठिकाणी वीज ठरावीक तासच असते, आणि ती बॅटऱ्या चार्ज करायला लागते. गटाचे सगळे फोटो जमा होईपर्यंत मेमरी कार्ड पुसायचं नाही, एवढा एकच नियम पाळा. शक्य असेल तर रोज रात्री कार्डातलं सगळं एका पोर्टेबल डिस्कवर उतरवा, आणि प्रवासात डिस्क व कार्डं दोन वेगळ्या बॅगांत ठेवा.

परतल्यावर: आधी गाळणी, मग गोळा

सर्वसाधारण चूक म्हणजे "सगळ्यांनी सगळे फोटो टाका". माणशी हजार धरले तरी बारा हजार फोटो होतात. ते कोणी बघत नाही आणि निवडणारा तिसऱ्या दिवशी कंटाळतो. त्याऐवजी प्रत्येकाने स्वतःचे शंभर निवडून द्यावेत आणि मुदत परतल्यापासून पंधरा दिवसांची ठेवावी. त्याहून लांबवली तर ऑफिस, शाळा, गणपती यांत काम अडकतं, आणि फोटो बघून "हा कोणत्या दिवशीचा?" सांगणारी माणसंही विसरू लागतात.

स्वतःचे शंभर निवडताना प्राण्याचा डोळा स्पष्ट नसलेला फोटो आधी बाजूला करा. एकाच सिंहाचे दहा असतील तर दोन ठेवा, एक जवळचा आणि एक भोवतालचं गवत-आभाळ दाखवणारा. शंभरांपैकी किमान पंचवीस फोटोंत माणसं असलीच पाहिजेत. उघड्या छतातून डोकावणारे सहप्रवासी, धुळीने माखलेले चेहरे, बॉनेटवर मांडलेली न्याहारी, चाक बदलणारा ड्रायव्हर. सिंहाचे फोटो जगात लाखो आहेत, पण तुमच्या गाडीचा फोटो फक्त तुमच्यापैकीच कोणाकडे तरी असतो.

आता हे फोटो पाठवायचे कसे. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलपर्यंत खाली येते आणि काढल्याची तारीख-वेळ फाइलमधून निघून जाते. एचडी पर्यायाने चित्र बरं राहतं, तरी ते मूळ फाइलसारखं नसतं. चार बाय सहा इंचाच्या छोट्या प्रिंटला १६०० पिक्सेल कसेबसे चालतात. बारा बाय अठरा इंची प्रिंट काढायची तर हेच प्रमाण इंचाला नव्वद ठिपक्यांच्याही खाली जातं आणि चित्र धूसर दिसतं. चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० ठिपके हवेत, मोठ्या आणि लांबून बघायच्या चित्राला २०० चालतात. मोजके फोटो असतील तर व्हॉट्सॲपवरच "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी पोचते.

गटासाठी गूगल ड्राइव्हवर एक सामायिक फोल्डर सोयीचा पडतो. शंभर फोटो, प्रत्येकी सुमारे ८ एमबी, आणि बारा माणसं म्हणजे साडेनऊ जीबीच्या आसपास. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. फोल्डर कोणाचाही असला तरी फाइल ज्याने टाकली त्याच्या १५ जीबीमधून जागा जाते. ज्यांचा जीमेल आधीच भरत आलाय त्यांचं अपलोड मधेच अडकतं, आणि जागा पुरती संपली तर मेल येणंही थांबतं. शिवाय सहा महिन्यांनी त्यांनी जागा मोकळी करायला फाइली पुसल्या की त्या सर्वांच्याच फोल्डरमधून जातात. म्हणून मुदत संपली त्याच आठवड्यात गोळा करणाऱ्याने अख्खा फोल्डर स्वतःच्या डिस्कवर उतरवून घ्यावा. मोठा फोल्डर अनेक झिप तुकड्यांत उतरतो. सगळे तुकडे आले का, हे फाइलींची संख्या मोजून ताडून पाहावं.

व्हिडिओंचं गणित वेगळं. फोर-के व्हिडिओ मिनिटाला १७० एमबीपासून पुढे जागा खातो, म्हणजे दहा मिनिटांत दोन जीबीच्या जवळ. व्हिडिओ पेनड्राइव्हवर गोळा करा आणि पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला असू द्या. फॅट-३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर जातच नाही, मग कितीही जागा रिकामी असो.

वेळ जुळवणं आणि नावं देणं

सगळं हातात आलं की पहिलं काम चुकलेल्या घड्याळांचं. घड्याळाच्या त्या फोटोवरून फरक काढा आणि त्या कॅमेऱ्याचे सगळे फोटो एकदम सरकवा. भारतीय वेळेवर राहिलेल्या कॅमेऱ्यातून अडीच तास वजा करायचे, मिळवायचे नाहीत. लाइटरूम क्लासिकमध्ये, किंवा फुकट मिळणाऱ्या डिजिकॅममध्ये ही सोय आहे. संगणकावरच्या गूगल फोटोजमध्येही अनेक फोटो निवडून वेळ सरकवता येते. तिथे "सरकवा" आणि "सर्वांना एकच वेळ द्या" असे दोन पर्याय शेजारी-शेजारी असतात. दुसरा चुकून दाबला तर शंभर फोटो एकाच सेकंदाचे होऊन बसतात, म्हणून मूळ प्रतींवर हात चालवू नका.

फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस असं सुरू करा, मग तास-मिनिटं, जागा, गाडी आणि काढणाऱ्याचं आडनाव. उदाहरणार्थ, २०२५-०८-१४_०६४०_मारा_गाडी२_जोशी. तारीख आधी दिवस, मग महिना अशी लिहिली तर संगणक १ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर शेजारी लावतो.

मथळे: इथे घाई नको

दोन ओळींचा अचूक मथळा फोटोला दहा वर्षं जिवंत ठेवतो आणि चुकीचा मथळा तितकीच वर्षं चूक पसरवतो. मराठी गटांत सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे बिबट्याच्या फोटोखाली नुसतं "वाघ" लिहिणं. आफ्रिकेच्या जंगलात वाघ नाही. बिबट्याच्या अंगावर पोकळ, फुलासारखे ठसे असतात. चित्त्याचे ठिपके भरीव असतात, अंग सडपातळ असतं आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत अश्रूसारखी काळी रेघ उतरते. आफ्रिकी रानम्हशीला गवा म्हणू नये, तो प्राणी निराळा.

हरणांमध्ये घोटाळा जास्त. थॉमसन्स गझेल लहान असते आणि तिच्या कुशीवर ठळक काळा पट्टा असतो. ग्रँट्स गझेल मोठी, आणि तिच्या पुठ्ठ्यावरचा पांढरा भाग शेपटीच्याही वर चढतो. काही ग्रँट्सनाही कुशीवर पट्टा असतो, म्हणून निर्णय मागच्या बाजूवरून करा. टोपीच्या मांड्यांवर निळसर-काळे डाग असतात आणि खाली पाय पिवळसर, म्हणून गाइड त्याला "निळी जीन्स आणि पिवळे मोजे" म्हणतात. तसे डाग नसलेला फिकट, लांब तोंडाचा, तो हार्टबीस्ट.

गेंड्यात रंगाकडे बघूच नका, दोन्ही करडेच. ओठ सपाट-रुंद, मान गवताकडे झुकलेली तो पांढरा गेंडा. वरचा ओठ टोकदार, झुडपं ओरबाडणारा तो काळा. जिराफाचे ठिपके वेड्यावाकड्या कडांचे असतील तर मसाई जिराफ. नाकुरूला दिसतात ते रोथशिल्ड्स जिराफ, त्यांचे पाय गुडघ्याखाली पांढरे, मोजे घातल्यासारखे. सांबुरूला गेला असाल तर तिथला जाळीदार नक्षीचा जिराफ आणि बारीक पट्ट्यांचा, पांढऱ्या पोटाचा, मोठ्या गोल कानांचा ग्रेव्हीज झेब्रा यांचे मथळे वेगळे लिहा. आणि नाकुरूच्या अल्बममध्ये रोहित पक्षी (फ्लेमिंगो) कमी का, असं कोणी विचारलं तर कारण सांगता येतं. गेल्या दशकात तलावाचं पाणी खूप वाढलं, त्यातला खारेपणा घटला आणि अनेक रोहित बोगोरिया तलावाकडे गेले.

पक्ष्यांची आवड असणाऱ्यांनी ई-बर्डवर यादी नोंदवून ती सहप्रवाशांना सामायिक करावी. प्रत्येकाच्या खात्यात तीच यादी जाते आणि जो पक्षी फक्त एकालाच दिसला तो ज्याला त्याला वगळता येतो. शंका असलेला प्राणी आय-नॅचरलिस्टवर टाकला की ओळख पटवायला जाणकार मदत करतात.

काय दाखवायचं नाही

गेंड्याच्या फोटोतून ठिकाणाची माहिती काढूनच तो पुढे पाठवा. शिंगासाठी होणारी शिकार संपलेली नाही, आणि मोबाइलचा फोटो काही मीटरपर्यंतची जागा सांगतो. वर सुचवलेला "डॉक्युमेंट" मार्ग इथे उलटतो, कारण मूळ फाइलबरोबर ठिकाणही जातं. आयफोनवर शेअर करताना वरच्या पर्यायांत ठिकाण बंद करता येतं. गूगल फोटोजच्या सामायिक अल्बमच्या सेटिंगमध्येही तशी कळ आहे. मथळ्यातही "नाकुरू" पुरे, अमुक फाट्याजवळ वगैरे नको.

मसाई वस्तीत काढलेले फोटो, विशेषतः लहान मुलांचे, घरच्या मंडळींना दाखवणं वेगळं आणि फेसबुकवर टाकणं वेगळं. फोटोची परवानगी मिळाली म्हणजे प्रसिद्धीची मिळाली असं नाही. सहप्रवाशांचंही तेच. गाडीत तोंड उघडं टाकून झोपलेल्या आजोबांचा फोटो गटाला हसवतो, पण त्यांना न विचारता तो बाहेर जाऊ नये. मारा राष्ट्रीय राखीव क्षेत्रात गाडी वाट सोडून नेण्यास मनाई आहे. तुमच्या आग्रहाखातर ड्रायव्हरने ती नेली असेल, तर तो व्हिडिओ त्याची नोकरी धोक्यात आणू शकतो.

भेटीचा कार्यक्रम

परतल्यापासून चार ते सहा आठवड्यांत, रविवारी, कोणाच्या तरी घरी किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये. स्लाइड शो वीस-पंचवीस मिनिटांचे दोन भाग, मधे खाणं. एका फोटोला पाच-सहा सेकंद धरले तर वीस मिनिटांत दोनशे फोटो जातात. तेवढे ठेवू नका. भागाला सत्तर-ऐंशी फोटो आणि वीस-तीस सेकंदांचे आठ-दहा व्हिडिओ तुकडे घ्या, उरलेला वेळ बोलण्याला द्या. अंतिम निवड दोघांनीच करावी. मतदान घेतलं की फक्त सिंहच निवडून येतात. मात्र प्रत्येक प्रवाशाचे किमान तीन फोटो यायलाच हवेत, नाहीतर एखादे काका शेवटपर्यंत गप्प बसून राहतात आणि कारण कोणालाच कळत नाही.

रचना दिवसांच्या क्रमानेच ठेवा. प्राण्यांनुसार लावली तर ती शाळेतल्या तक्त्यासारखी होते. दोन गाड्यांचे अनुभव एकाआड एक आले की "आम्ही तेव्हा कुठे होतो" हे आपोआप उलगडतं. प्रत्येकाला एक फोटो निवडून दोन मिनिटं बोलायला सांगा, आणि ते बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. नोंदींमधली राहिलेली उणीव इथे भरून निघते.

टीव्हीवर दाखवायचं तर आदल्या दिवशी त्याच टीव्हीवर तपासा. आयफोनचे हाइक (HEIC) प्रकारचे फोटो बऱ्याच टीव्हींना पेनड्राइव्हवरून दिसत नाहीत, ते जेपेग करून घ्या. सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे लॅपटॉप आणि एचडीएमआय केबल. आवाजासाठी वेगळा स्पीकर आणा, टीव्हीच्या स्पीकरमधून पाणघोडा ऐकूच येत नाही.

छापील अल्बम

चाळीस पानं, साठ ते ऐंशी फोटो. डावं-उजवं पान सलग उघडणारी बांधणी घेतली तर स्थलांतराचं रुंद चित्र दोन पानांवर देता येतं. साधी बांधणी असेल तर मधल्या घडीत प्राण्याचा चेहरा येऊ देऊ नका. कडेपर्यंत जाणाऱ्या चित्राला चारी बाजूंनी ३ मिमी जास्तीचं ठेवा, तेवढं कापलं जातं.

मराठी मथळ्यांचा खरा त्रास इथे होतो. अल्बम बनवणाऱ्या अनेक ॲपमध्ये जोडाक्षरं फुटतात, वेलांटी सरकते, "दुसऱ्या" मधला ऱ्या तुटतो. पानं दुसरीकडे तयार करून फाँट अंतर्भूत केलेली पीडीएफ द्या, किंवा मथळा चित्राचाच भाग करून टाका. छपाईआधी नमुना पाहताना फोटो नव्हे, अक्षरं वाचा. किती प्रती हव्यात ते आधी विचारा आणि पैसे यूपीआयने आधी जमा करा. छापून झाल्यावर "मला एकच पुरे" म्हणणारे निघतातच.

एक प्रत किंवा निदान दहा उत्तम फोटो गाइड आणि ड्रायव्हरला पाठवायचे आहेत, हे यादीत लिहून ठेवा. त्यांना मूळ आकाराचे फोटो द्या, कारण त्यांना पुढचं काम मिळवायला ते उपयोगी पडतात. त्यांच्या हातातला मोबाइल साधा असू शकतो, म्हणून जड फोल्डरची लिंक नको, दहा फाइली सुट्या पाठवा. मसाई कुटुंबाला फोटो देण्याचं कबूल केलं असेल तर त्याच्या प्रिंट काढून पुढच्या मोसमात तिकडे जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर कॅम्पवर पोचवा. लिफाफ्यावर गाइडचं नाव आणि वस्तीचं नाव लिहा. ते नाव रोजच्या नोंदीत सापडेल.